वारुळातले माहेर

नागपंचमीच्या पहिल्या कहाणीतला सर्वांत अवघड प्रसंग वारुळात घडत नाही, सासऱ्याच्या दारात घडतो. श्रावण आला आहे, सणाला थोरल्या जावा एकेक करून माहेरी गेल्या आहेत आणि धाकटीला न्यायला यावे असे तिचे कुणी उरलेले नाही. नागोबाच येईल न्यायला, अशी तिने मनाची समजूत घातली आहे. अशात एक अनोळखी ब्राह्मण येऊन उभा राहतो. सासरा बुचकळ्यात पडतो. इतकी वर्षे या नातलगाचा पत्ता नव्हता, तो आजच कसा उगवला? तो सुनेलाच विचारतो. तिने या माणसाला आधी कधी पाहिलेले नाही. ती सांगते, हा माझा मामा.

हे उत्तर खोटे म्हणावे, तर तिच्या मनातली हाकच दारात आलेली आहे. खरे म्हणावे, तर तिला ते ठाऊक असल्याची एकही खूण कहाणी देत नाही. शेषनाग ब्राह्मणाच्या वेषात आला आहे हे आपल्याला, म्हणजे ऐकणाऱ्यांना, आधीच सांगून ठेवले आहे. तिला ते कळते पुढे, वारुळापाशी. ओळख पटण्याआधीच तिने नाते कबूल केले. सासऱ्याची शंका मात्र कहाणी दाबत नाही. परका पुरुष तरण्या सुनेला घेऊन निघाला आहे. ऐकणाऱ्या प्रत्येक बाईच्या मनात जो प्रश्न येणार, तो सासऱ्याच्या तोंडी घालून कहाणी मोकळी होते. त्याची शंका रास्त आणि तिचे उत्तरही रास्त. कोण बरोबर, याचा निवाडा करायला ती थांबत नाही. चार-पाच वाक्यांत एवढे साधणारे गद्य सहज सापडत नाही.

नागपंचमीच्या दोन कहाण्या श्रावणातल्या पुस्तकांत आढळतात. एक ब्राह्मणाच्या धाकट्या सुनेची, दुसरी शेतकऱ्याच्या परगावी दिलेल्या लेकीची. श्रावण शुद्ध पंचमीला पाटावर किंवा भिंतीवर नाग काढायचे, दूध, लाह्या, दुर्वा वाहायच्या आणि हातात अक्षता घेऊन कहाणी ऐकायची, असा रिवाज. वाचणारी घरातली कुणी जाणती, ऐकणाऱ्या लेकीसुना. व्रतकथा म्हणून या कहाण्यांचे माहात्म्य सर्वांना ठाऊक आहे; कथा म्हणून त्या वाचायच्या राहूनच जातात. तशा वाचल्या तर ध्यानात येते की त्या सापाला देव करतात हे खरे, पण त्याआधी त्याला नातेवाईक करतात. देवाची पूजा करून सुटता येते. नातेवाइकाचे तसे नसते. त्याच्या घरी राहावे लागते, त्याच्या बायकोची मर्जी सांभाळावी लागते, आणि त्याचे मूल आपल्या हातून भाजले तर ती गोष्ट जन्मभर पुरते.

मग मामाच का? नाग बाप होऊन येऊ शकला असता, देव म्हणून लखलखत प्रकटही होऊ शकला असता. पण मामा हे आईच्या माहेरचे नाते. जिचे स्वतःचे माहेर उरले नाही, तिच्यासाठी कहाणी एक पिढी मागे जाऊन दार उघडते. आणि नागकुळाशी या नात्याचा संबंध जुना आहे. महाभारताच्या आदिपर्वात नागमाता कद्रूच्या शापाने नागांवर जनमेजयाच्या सर्पसत्राचे संकट ओढवते, तेव्हा त्यांना वाचवतो आस्तीक. तो वासुकीच्या बहिणीचा, जरत्कारूचा मुलगा. बाप ऋषी, आई नागकन्या. तक्षक नाग आगीकडे ओढला जात असताना या मुलाने यज्ञ थांबवण्याचे दान मागितले. तो दिवस श्रावण शुद्ध पंचमीचा होता, असे परंपरा मानते. तिथे भाच्याने मामांचे कूळ राखले, इथे मामा भाचीचा सण राखायला येतो. कहाणी सांगणाऱ्या बायकांपुढे आस्तीकाची कथा होती असा दावा करायला नको. नाग आणि माणूस यांच्यात वाट काढायची तर ती बहिणीच्या बाजूने काढावी, ही समज मात्र दोन्हीकडे सारखी आहे. महाराष्ट्रात आदल्या दिवशी, नागचतुर्थीला, बायका भावाचा उपास धरतात. सत्येश्वरीला तिचा मेलेला भाऊ सत्येश्वर नागाच्या रूपात दिसला आणि तिने त्या नागालाच भाऊ मानले, अशी त्या उपासामागची लोककथा आहे.

गिरीश कर्नाडांचे ‘नागमंडल’ शेजारी ठेवले की कहाणीची निवड आणखी उठून दिसते. ए. के. रामानुजन यांच्याकडून ऐकलेल्या कन्नड लोककथांवर बेतलेल्या त्या नाटकात एकट्या पडलेल्या राणी नावाच्या नायिकेकडे नाग येतो तो तिच्या नवऱ्याचे रूप घेऊन, आणि नाटक शृंगाराच्या, संशयाच्या, सत्त्वपरीक्षेच्या वाटेने जाते. आपल्या कहाणीतही सामान तेच आहे: एकटी सून, वेष पालटलेला नाग, घरच्यांचा संशय. तरीही मामाचे नाते जोडताच शृंगाराची वाट बंद होते आणि कहाणी निर्धास्तपणे मुलीला नागाच्या फणीवर बसवून बिळात नेते.

बिळात शिरल्यावर रत्नांचे दिवे, सोन्याचे खांब, माणकांचा उजेड असे काही दिसत नाही. पुराणांतल्या पाताळाचे सगळे वैभव हाताशी असताना कहाणीने ते वगळले आहे. दिसते ते फक्त घर. नाग बायकोमुलांना बजावतो की हिला कुणी चावायचे नाही. पाहुणीची ओळख करून देण्याची ही तऱ्हा मोठी गमतीची आहे. पण त्या गमतीखाली धाक आहे: न बजावता या घराने काय केले असते? सापाचा स्वभाव कहाणीने सौम्य केलेला नाही. तो सापच आहे आणि त्याला शब्दाने आवरून धरलेले आहे.

पुढे नागीण बाळंत व्हायला टेकते आणि दिवा धरायचे काम या मुलीकडे येते. प्राणिशास्त्राच्या हिशेबाने हे चूक. नागीण अंडी घालते. थेट पिल्लांना जन्म देते ती घोणस. पण कहाणीला अंडी नकोत, बाळंतपण हवे आहे. एरवी लेक बाळंतपणाला माहेरी येते. इथे लेक आली आहे आणि तिच्यासमोर माहेरच बाळंत होते आहे. बाळंतिणीपाशी दिवा घेऊन जिला उभी करतात ती घरचीच असावी लागते. याहून मोठा विश्वास घरातल्या घरात कुणी टाकू शकत नाही, आणि नेमका तिथेच मुलीचा हात कापतो. वळवळणारी पिल्ले पाहून ती भिते, दिवा निसटतो, पोरांची शेपटे भाजतात.

या जागी कहाणीचा खरेपणा पाहण्यासारखा आहे. मुलीने नागाला मामा म्हटले, त्याच्या फणीवर बसली, त्याच्या घरी राहिली. तरी तिची सापाची भीती गेलेली नाही. भक्ती आली की भय पळाले, असा सोपा हिशेब इथे नाही. अपराध तिचा म्हणावा तर हेतू नव्हता. नाही म्हणावा तर पोरे कायमची अधू झाली. नागीण रागावते आणि सगळे नवऱ्याच्या कानावर घालते. तो सांगतो की हिला लवकरच सासरी पोचवू. बायकोला तो गप्प बसवत नाही, भाचीला बोल लावत नाही. माहेरपण तेवढे आवरते घेतो. मामाच्या घरी चूल मामीची असते, हे ऐकणाऱ्या बायकांना सांगावे लागत नाही. नागलोकातल्या या दोन वाक्यांत मराठी घराचा सगळा कारभार आला आहे.

यानंतर नाग तिला अपार संपत्ती देऊन सासरी पोचवतो. कहाणीतली एक जागा मला ढिली वाटते ती ही. या संपत्तीचे पुढे काही होत नाही, आणि शेवटी रत्नांचा हार यायचाच आहे. व्रताचे फळ दाखवायची घाई झाली आणि त्या हाराचे मोल थोडे आधीच खर्चून गेले.

पोरे मोठी होतात आणि आईला विचारतात की आमच्या शेपटांचे काय झाले. आई सांगते. आईने इतके दिवस हा राग कुठे ठेवला होता, याबद्दल कहाणी अक्षर काढत नाही. पण महाभारताच्या श्रोत्याला हा प्रसंग ओळखीचा आहे. जनमेजयही आपल्या मंत्र्यांना विचारतो की माझ्या वडिलांचा अंत कसा झाला. मंत्री परीक्षिताची आणि तक्षकाची हकीकत सांगतात आणि सर्पसत्राची तयारी सुरू होते. वैर जखमेतून जेवढे जन्मते तेवढेच ते सांगण्यातून वाढते. ज्याला जखम आठवत नाही त्यालाही ते वारशाने मिळते. तक्षकाचा मुलगा अश्वसेन असाच. खांडववनाच्या आगीतून त्याला वाचवताना त्याची आई अर्जुनाच्या बाणाने गेली, आणि पुढे तो सुडासाठी कर्णाच्या बाणात येऊन बसला. शेपटे भाजलेली ही पोरे अश्वसेनाचीच भावंडे शोभतात. आगीने त्यांचे नुकसान केले आहे आणि मोठे झाल्यावर ती हिशेब चुकवायला निघाली आहेत. अश्वसेनाला वाटेत थांबवील असे काही भेटले नाही. या पोरांना एक भिंत भेटली.

त्या भिंतीपाशी कहाणी आपले सगळे कसब पणाला लावते. नागपंचमीचा दिवस आहे. मुलगी भावांची वाट पाहते. ते येत नाहीत, म्हणून ती पाटावर, भिंतीवर त्यांची चित्रे काढते, दूध-लाह्या ठेवते, उकडीचा नैवेद्य दाखवते. भाऊ आलेले आहेत. ते भिंतीच्या आड आहेत आणि तिला मारायला आले आहेत. एका बाजूला काढलेले नाग, दुसऱ्या बाजूला खरे. मूळ आले नाही म्हणून चित्र काढले, आणि मूळ आले आहे ते चित्र काढणारीचा जीव घ्यायला. इतका ताण निर्माण करून कहाणी आवाज जराही चढवत नाही. पूजेचे सामान मात्र एकेक करून सांगते. त्या सामानाच्या यादीमुळे वेळ जातो, आणि तो वेळ भिंतीआडच्यांना पाहण्यासाठी मिळतो.

पूजा संपताना मुलगी देवाकडे मागते ते स्वतःसाठी नाही. लांडोबा आणि पुंडोबा या आपल्या भावांची ती खुशाली मागते. शेपूट गेल्याचे व्यंग तिच्याच हातून आलेले. ते तिने लपवलेले नाही आणि त्याची क्षमाही इथे मागितलेली नाही. त्या व्यंगालाच घरगुती, लाडाचे नाव देऊन तिने भावांना हाक मारली आहे. आईने पोरांना सांगितली ती जखमेची एक बाजू होती. भिंतीआडून त्यांना दुसरी कळते: ही बाई आपल्याला विसरलेली नाही, आणि जसे आहोत तसेच तिने आपल्याला लक्षात ठेवले आहे. त्यांचा राग उतरतो. स्वतःची मूर्ती पुजली गेल्याने देव प्रसन्न होतो, असे इथे वरवर दिसते. आतून पाहिले तर अधू भावांना बहिणीच्या तोंडून आपली चौकशी ऐकायला मिळाली आहे.

त्यानंतर भेट होत नाही. रात्रभर ते तिच्या घरी राहतात आणि पहाटे दुधाच्या जागी नवरत्नांचा हार ठेवून निघून जातात. सकाळी ती हार गळ्यात घालते. आपण कशातून वाचलो हे तिला कळतच नाही. संपूर्ण कहाणीत ही माहिती तीनच ठिकाणी आहे: नागांकडे, सांगणारीकडे आणि ऐकणाऱ्यांकडे. कहाणी ऐकून उठणारी बाई नायिकेपेक्षा शहाणी होऊन उठते. आपल्याही दारापर्यंत कुणी रागावून आले असेल आणि काहीतरी ऐकून परत गेले असेल, हा विचार कहाणी तिच्या मनात सोडून देते, त्याचा उपदेश करत नाही.

हीच गोष्ट गुजरातेतही सांगतात. रामानुजन यांच्या भारतीय लोककथांच्या इंग्रजी संग्रहात तिचा एक पाठ आहे. तिथेही माहेर नसलेली धाकटी सून आहे, अपघाताने शेपटे गमावलेले नागभाऊ आहेत आणि त्यांना दीर्घायुष्य चिंतून वाचलेली बहीण आहे. पण तिथली नागीणच मुलीची आई होते. गरोदर सुनेने चोरून बाजूला ठेवलेली खीर नागिणीने खाल्ली, आणि खाणाऱ्याला शिव्या देण्याऐवजी सुनेने त्याचे पोट गार होवो म्हटले, एवढ्यावर ते नाते जुळते. तो पाठ अधिक प्रेमळ आहे, खुलवून सांगितलेलाही आहे. मराठी पाठाने माया मामाकडे दिली आणि राग नागिणीकडे ठेवला. त्यामुळे माहेर मिळाले तरी ते पूर्ण सुखाचे नाही, हा खडा मराठी कहाणीत राहिला. मला मराठी पाठ त्यासाठीच अधिक जवळचा वाटतो.

दुसरी कहाणी अधिक काळोखी आहे. शेतकरी नेहमीसारखा नांगर घेऊन शेतात जातो आणि फाळ वारुळात घुसतो. पिल्ले मरतात. शेतकऱ्याला ते कळलेही नसावे. कहाणी तसे काही म्हणत नाही, ती त्याच्याकडे वळूनच पाहत नाही. ती थांबते नागिणीपाशी. नागीण परत येते तो घर जागेवर नाही, मुले नाहीत. ती इकडेतिकडे शोधते आणि तिला रक्ताने माखलेला नांगर दिसतो. कुणी चुगली करत नाही, साक्ष देत नाही. नांगरच बोलतो. एवढ्या भागात आपण पूर्णपणे तिच्या बाजूने पाहतो, आणि पुढच्याच वाक्यात ती शेतकऱ्याचे सगळे घर, लेकरांसकट, दंश करून संपवते. तिचे दुःख कळले म्हणून तिचे कृत्य सौम्य होत नाही. शेतावर राबणाऱ्या घरांत ही कहाणी ऐकली जाते, तेव्हा हे मरण कल्पनेतले राहत नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली, आणि निम्म्याच्या आसपास मृत्यू पावसाळ्यातले.

नागिणीला शेतकऱ्याचा निर्वंश करायचा आहे. घरातले सगळे मेल्यावर तिला कळते की एक लेक परगावी दिली आहे, आणि ती तिकडे निघते. कहाणीतली सर्वांत धारदार गोष्ट इथे आहे. लेक लग्न करून गेली की बापाच्या वंशातून गेली, असे माणसांची रीत सांगते. नागीण तसे मानत नाही. तिच्या हिशेबात दिलेली लेकही बापाचा वंशच आहे, म्हणून ती जिवंत असेपर्यंत सूड अपुरा. आणि ज्या कारणाने नागीण तिला मारायला जाते, त्याच कारणाने शेवटी बापाचा वंश वाचतो: लेकच त्यांना उठवते. समाजाने जिला परक्याचे धन म्हटले, तिच्यावर एका बापाचे सगळे कूळ उभे राहते. हा विचार कहाणीने कुठे बोलून दाखवलेला नाही. तो नागिणीच्या चालण्यात आहे.

लेकीच्या घरी पाटावर नाग, नागीण, नऊ नागकुळे काढलेली आहेत. नागीण दूध पिते, चंदनात लोळते. लेक डोळे मिटून बसली आहे. मग नागीण तिला विचारते की तू कोण, तुझे आईबाप कुठे असतात. लेक डोळे उघडते, घाबरते, आणि नागिणीने धीर दिल्यावर आपली हकीकत सांगते. आईबापांचा जीव जिने नुकताच घेतला, तिच्यापुढे ती त्यांच्याविषयी ते जिवंत आहेत असे समजून बोलते आहे. नागिणीला सगळे ठाऊक आहे, आपल्याला ठाऊक आहे, फक्त बोलणारीला नाही. मोठा नाटककार या जागी मुलीच्या तोंडी लांबलचक भाषण घालून रडवायची संधी घेईल. कहाणी तिचे बोलणे एका वाक्यात आटोपते आणि नागिणीला वाईट वाटले, एवढेच सांगते. जिची पिल्ले मेली ती आई, जिचे आईबाप मेले त्या लेकीपुढे उभी आहे. दोघींचे नुकसान सारखे आहे, आणि ते कळण्याचा मान आधी नागिणीला मिळतो.

बंगालच्या मनसामंगलात सर्पदेवता मनसा पूजेसाठी हटून बसते. चांद सौदागर नमत नाही, तेव्हा त्याची मुले जातात. सून बेहुला मेलेल्या नवऱ्याला, लखिंदराला, तराफ्यावर घालून देवांपर्यंत पोचते, आणि अखेर चांद डाव्या हाताने, तोंड फिरवून फूल वाहतो. तिथे सगळी लढाई मान मिळवण्याची आहे. मराठी कहाणीतली नागीण पूजा मागत नाही. ती सूड घ्यायला आली आणि पूजा आधीच मांडलेली दिसली. बेहुला आणि ही लेक दोघीही मेलेल्यांना परत आणतात, पण बेहुलेला देवसभेत नाचावे लागते. ही लेक घरी आलेल्या मारेकरणीकडूनच अमृत घेते आणि त्याच पावली माहेरी जाते. आदिपर्वात गरुडाने आणलेले अमृत नागांना मिळता मिळता राहिले होते. ते ठेवले होते ते दर्भ चाटून त्यांच्या जिभा मात्र दुभंगल्या. दुसरीकडे नागकन्या उलूपीने नागलोकातल्या मण्याने मेलेल्या अर्जुनाला उठवलेही आहे. मारणे आणि जिवंत करणे एकाच हाती असणारी ही जात आहे, हा उलूपीकडचा धागा कहाणीने उचलला आणि अमृत नागिणीच्या घरचेच असल्यासारखे तिच्या स्वाधीन केले.

भाषेची एक खुबी पूजेच्या भागात दिसते. छापील पाठांत कहाणी भूतकाळात चालते. पूजेपाशी आली की ती ‘आहे’वर येते. नाग काढलेले आहेत, नैवेद्य दाखवलेला आहे. ऐकणाऱ्या बाईपुढेही त्या घटकेला नाग काढलेला पाट असतो, दुधाची वाटी असते. क्रियापदाच्या या बदलाने गोष्टीतला पाट आणि समोरचा पाट एक होतो, आणि भिंतीआडून किंवा चंदनातून कुणीतरी पाहते आहे ही जाणीव ऐकणारीच्या पाठीशी येऊन बसते.

दुसऱ्या कहाणीच्या शेवटी बाप लेकीला विचारतो की हे व्रत कसे करायचे. लेकीला दान करून मोकळा झालेला बाप तिच्याकडून शिकतो. ती सगळा विधी सांगते आणि शेवटी जमेल तेवढे तरी पाळा म्हणून काही गोष्टी सुचवते: या दिवशी जमीन खणू नये, भाजी चिरू नये, तव्यावर काही करू नये, तळलेले खाऊ नये, नागोबाला नमस्कार करावा. जमीन न खणण्याचे कारण या कहाणीतच आहे. पण तव्याचे आणि तळणाचे? या कहाणीत आगीने कुणालाच दुखावलेले नाही. आगीची जखम पहिल्या कहाणीत आहे, पडलेल्या दिव्यात. म्हणून मला या दोन कहाण्या एकाच व्रताची दोन अर्धी वाटतात. एकीत पुरुषाच्या हातातला फाळ, दुसरीत बाईच्या हातातला दिवा. एक शेतातला, एक घरातला. दोन्ही अपघात, दोन्ही जखमा पिल्लांना. शेवटच्या यादीत फाळ, विळी आणि तवा एकत्र येतात. वर्षभर ज्यांच्यावर घर चालते ती धार आणि तो जाळ एका दिवसापुरता बाजूला ठेवायचा. म्हणून त्या दिवशी देशावर पुरणाची दिंडं उकडतात आणि कोकणात, गोव्यात हळदीच्या पानांत पातोळ्या. सणाचा गोडवा वाफेवर शिजतो. कहाणीतला नैवेद्यही उकडीचाच होता.

या यादीत एक गोष्ट कुठेही नाही, ती म्हणजे नागाला पकडून आणणे. दोन्ही कहाण्यांत नाग आपल्या पायी येतो, आपल्या इच्छेने दूध घेतो आणि आपल्या वेळेला जातो. साप दूध पीत नाहीत, हे आज शाळकरी मुलांनाही माहीत आहे. गारुड्याच्या टोपलीतला, दात काढलेला, तहानेने व्याकूळ होऊन वाटीत तोंड घालणारा नाग कहाणीच्या नागाचा कुणीच लागत नाही. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात जिवंत नाग पकडून पुजण्याची मोठी परंपरा होती. मातीचा नाग पुजणाऱ्या एका बाईला गोरक्षनाथांनी जिवंत नागाची पूजा करायला लावली, अशी त्या परंपरेमागची आख्यायिका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने या प्रथेला आळा घातला, तेव्हा श्रद्धा विरुद्ध कायदा असा वाद बराच झाला. त्या वादात कहाणीची साक्ष काढली असती तर ती चित्राच्या बाजूने पडली असती. तिच्या बायका पाटावर गंधाने नाग काढतात आणि खऱ्या नागाला त्याच्या वाटेने जाऊ देतात.

सापाशी माणसाने कसे वागावे, याविषयी या कहाण्या भाबड्या नाहीत. नाग मामा झाला तरी घरच्यांना चावू नका म्हणून बजावावे लागते. नागीण अमृत देते, पण ती आधी एक घर मारून आलेली असते. आणि दोन्ही मुली शेवटपर्यंत भित्र्याच राहतात: एकीच्या हातून भीतीने दिवा पडतो, दुसरी डोळे उघडताच दचकते. त्यांचे भय घालवल्याचे श्रेय कहाणी कुणालाही देत नाही. भीत असतानाच त्या सापाला आपला म्हणतात, त्याच्या लेकरांची खुशाली मागतात, त्याच्यासाठी एक दिवस नांगर थांबवतात. दूध-लाह्यांची वाटी ठेवणे त्या मानाने फारच सोपे.